शंभर पावलांच्या आत

सोमवार, ७ जुलै

मीच सापडले! शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांच्या आत मुलांना काय काय विकलं जातं, त्याची पाहणी कोण करणार? एवढं विचारल्याबरोबर पालक समितीतले सगळे आपापले मोबाइल बघायला लागले. मी मान वर ठेवली. संपलं.

पण खरं सांगायचं तर मला करायचंच होतं. लेकीच्या रक्तात लोह कमी निघालंय. सहावीतली पोरगी, जिना चढताना धापा टाकते. आणि डबा रोज अर्धा परत! "मधल्या सुट्टीत भूकच नसते गं आई." नसेलच. दप्तराच्या तळाशी वेफर्सची तीन रिकामी पाकिटं सापडली.

बुधवार, ९ जुलै

मुख्याध्यापिकाबाई उंच. त्यांच्या पावलांनी कोपऱ्यावरचं दुकान हद्दीत येतं, माझ्या पावलांनी बाहेर राहतं. त्यांचीच पावलं धरली.

शुक्रवार, ११ जुलै

तीन दिवस वही-पेन घेऊन झाडाखाली उभी. कोपऱ्यावरच्या दुकानात केळी, शेंगदाणे, उकडलेली अंडी. वेफर्सचा पत्ता नाही! मी खूश. आज दुकानदार स्वतःच पाण्याचा ग्लास घेऊन आला. "मॅडम, तपासणी अजून किती दिवस? केळी काळी पडायला लागली हो."

मला सरकारी तपासनीस समजला होता! खरा माल आत दडवलेला. तीन दिवसांची पानं फाडून टाकली.

घरी सांगितलं तर नवरा हसून आडवा. "तू रोजच उभी राहा तिथे. प्रश्नच मिटला." लेक म्हणाली, "तरीच! काका मला सारखं केळंच का देत होते ते कळलं."

मंगळवार, १५ जुलै

समितीने रंगीत ठिपके छापून आणलेत. हिरवा म्हणजे रोज खा, पिवळा म्हणजे कधीतरी, लाल म्हणजे नकोच. दुकानदाराला पटवायला तासभर गेला.

"अहो ताई, लाल लावल्यावर घेणार कोण?"

"मग हिरवं ठेवा की, दादा."

"हिरवं दुसऱ्या दिवशी फेकावं लागतं. लाल सहा महिने टिकतं."

पण लावू दिले बिचाऱ्याने. वर चहाही पाजला — साखर घालून, दोन चमचे. त्याला कुठला ठिपका, हा विषय दोघांनीही काढला नाही.

रविवार, २० जुलै

उरलेले ठिपके लेकीने स्वयंपाकघरात लावले. साखर लाल, लोणी लाल, तेल लाल. भाताला बराच विचार करून पिवळा. नवऱ्याने बिस्किटांच्या डब्यावरचा ठिपका नखाने खरवडला आणि रंगेहाथ पकडला गेला! "बाबा, तुम्हाला काही शिस्त?" हसून हसून पोट दुखलं.

जेवताना ती ताटातल्या एकेका पदार्थाचं विचारते. यात काय आहे? आणि यात? किती समंजस झालीय माझी बाय.

सोमवार, ४ ऑगस्ट

पंधरा दिवस डबा पुसल्यासारखा रिकामा! दप्तरात एकही पाकीट नाही. रात्री जरा कमी जेवते, पण दुपारी एवढं खाल्ल्यावर भूक कुठून लागणार?

समितीत माझ्या नावाने टाळ्या. बाकीच्या आया घेरून विचारत होत्या, "तुम्ही नक्की केलंत तरी काय?" मी उगाचच नम्रपणे खाली बघितलं. आतून टम्म फुगले होते, हे इथे लिहायला हरकत नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट

सकाळी कवायतीच्या रांगेत लेक चक्कर येऊन पडली. आता बरी आहे. वर्गशिक्षिका म्हणाल्या, डबा ती गेले दोन आठवडे मैत्रिणीला देते.

वाटेत विचारलं, का गं?

"सगळ्यातच काहीतरी असतं ना, आई. तेल नाहीतर साखर. माझं चुकायला नको म्हणून."

कोपऱ्यावरच्या दुकानात थांबलो. हवं ते घे म्हटलं. ती ठिपके बघत राहिली. कितीतरी वेळ. मग एक बिस्किटांचा पुडा उचलला. नुसता हातात धरून उभी.

"तू आधी खाशील?"

खाल्लं. तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून. एक, मग दुसरं.

मग तिने हात पुढे केला.