हळदीच्या कॅप्सूलची बाटली शोधू नका

मम्मी,

मी नवरी होऊन आले, तेव्हा पहिल्या रोजरीच्या प्रार्थनेला तुम्ही म्हणाला होतात, “लॅरिसा, गुडघा टेकला की देव वाकतो गं.” ते अजून कानात आहे. पण झिजलेले गुडघे टेकता यावेत म्हणून तुम्ही हळदीच्या कॅप्सूल दुप्पट घेताय. वर म्हणता, “झाडपाल्यानं कुणाचं वाईट झालंय?”

बेसिन धुऊन ठेवलंत, तरी दात घासताना येणारं रक्त मी पाहिलंय. क्लिनिकला फोन केला. तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळीसोबत या कॅप्सूल धोक्याच्या आहेत, म्हणाले. म्हणून बाटली माझ्या पर्समध्ये आहे. ती गोळी मात्र मनानं बंद करू नका. ऑफिसात तोंड दाखवून मी टॅक्सी घेऊन येतेच, क्लिनिकला जायला तयार राहा. पेज गॅसवर आहे. तुमच्या लेकाला अबुधाबीला कामावर कळवलं नाही, उगाच दीड तास गाडी हाकत घरी येईल.

आज रोजरीला खुर्चीत बसा. तुमच्या वाटणीचे गुडघे मी टेकीन.

कधी सांगितलं नाही, आज लिहिते. रोज सकाळी मी तुमच्या दाराला कान लावून उभी राहते. तुमचा श्वास ऐकू आला की मगच चहा टाकते.

लॅरिसा