पुन्हा परीक्षेला बसण्याआधी

१५ फेब्रुवारी १९६२, गुरुवार
काल बोटीने घरी आलो. पूर्वपरीक्षेत तिसऱ्या पेपराला अक्षरे दिसत होती, अर्थ लागत नव्हता. हात गार पडले. उठून बाहेर आलो आणि व्हरांड्यात पडलो म्हणे. मला आठवत नाही. डॉक्टरांनी तीन आठवडे घरी राहायला सांगितले. अशक्तपणा आणि मनावर ताण.
वार्षिक २६ मार्चपासून. बसलो नाही तर नादारीची फीमाफी जाईल, मग कॉलेज संपलेच. चौथीनंतर चार वर्षे होडीवर गेली. वर्गात सगळ्यांत मोठा मीच.

१६ फे.
कॉलेजात मी स्वतःसाठी केलेले आरोग्याचे वेळापत्रक इथेही भिंतीला लावले. उठणे ४. गार पाण्याने स्नान. नमस्कार ५०. वाचन ९ तास. झोप ५ तास. दूध दोनदा. मासळी वर्ज्य, तिने बुद्धी जड होते असे एका व्याख्यानात ऐकले होते.
पहाटे विहिरीवर वहिनी आली. "कोन मेलं का रं? ह्या वक्ताला आंघोल?"
मी म्हटले, तब्येतीसाठी. माझ्या फासळ्यांकडे पाहून म्हणाली, "व्हय, दिसतंय."

१८ फे., रविवार
हमीद आला. माझा खोलीसोबती. बोर्लीला त्याच्या घरी आला होता, तिथून दिघीला, तरीतून आगरदांड्याला, पुढे पायी. माझ्यासाठी अर्थशास्त्राच्या सगळ्या नोट्स उतरवल्या आहेत, चव्वेचाळीस पाने. अक्षर भयंकर. पण चव्वेचाळीस पाने.
जेवताना घोटाळा झाला. वहिनीने दिवाळीनंतर कोळंबीचे सुकवलेले सोडे डबा भरून दिले होते. "सगळे खाल्ले, छान होते," असे मी पत्रात लिहिले होते. हमीद बोलून गेला, "वहिनी, तुमच्या सोड्यांवर तर मी हिवाळा काढला. ह्याचं काय, दूध पिऊन मांजरासारखा कोपऱ्यात."
वहिनीने हमीदला आणखी भात वाढला. मला नाही.

२१ फे.
तीन दिवस अबोला. आज ताट ठेवताना म्हणाली, "वास येत व्हता का त्यांचा?"
"मला नाही. बाकीच्या मुलांना येईल म्हणून."
"हमीदला नाय आला?"
एकेक कोळंबी तिने हाताने सोलली होती, हे मला ठाऊक होते. माफी मागितली. ती म्हणाली, "माफीनं प्वाट भरतं का? बस खाली."
पेज, सोड्याचे कालवण. दोनदा घेतले. बुद्धी जड झाल्याचे जाणवले नाही. रात्री सात तास झोप. हे वेळापत्रकाबाहेर.

२७ फे., मंगळ.
बाबा घरी. ओट्यावर जाळे शिवत होते. भिंतीवरचा कागद वाचायला सांगितला. वाचला.
"रोज हेच?"
"रोज."
"आनि भांगाला?"
बाबांनी सुई खाली ठेवली.
"आज आठमी. पान्याला वढ न्हाय. डोलीचं जालं लावलं तर नुसतं लोंबकलंल. म्हनून मी बसलोय शिवत. आलशी हाय का मी?"
"नाही."
"मंग तुज्या कागदात बसायचा दिस कुठं हाय?"
चार वर्षे त्यांच्याबरोबर होडीवर होतो. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी मंदावलेल्या, दिवसांत एकदाही जाळे टाकले नाही. तरी हा कागद करताना ते एकदाही आठवले नाही.
दोन तास त्यांच्यासोबत शिवत बसलो. बोटांना गाठ अजून येते. संध्याकाळी हमीदच्या नोट्सची सहा पाने वाचली. सगळी समजली.

४ मार्च, रविवार
घड्याळ लावून ओट्यावर जुना पेपर सोडवायला बसलो. तासाभराने पुन्हा तेच. हात गार. वाटले, संपले. उठलो, बंदरापर्यंत गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून बायका ओरडल्या, "अरं कालेजवाल्या, सावली पाडू नको!" हसू आले. परत येऊन उरलेले दोन प्रश्न लिहिले.
बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. याबद्दल ऋणी आहे, तोंडाने सांगता आले नाही.

७ मार्च
उद्या निघायचे. कागद फाडला नाही. फक्त आठवड्याला एक दिवस मोकळा ठेवला, झोप सात तास केली, 'मासळी वर्ज्य' ही ओळ खोडली. गार पाणी राहू दिले, ते मला आवडते.
बाबा म्हणाले, "जमलं न्हाय तर घरी ये. होडी हाय." मग उठता उठता, "पन जमव."

२६ मार्च, सोमवार. वसतिगृह
पहिला पेपर. दुसऱ्या प्रश्नाला हात गार पडले. या वेळी पळालो नाही. पर्यवेक्षकांना सांगितले, बरे वाटत नाही, पाच मिनिटे बाहेर उभा राहू का? ते म्हणाले, "दहा राहा." एवढे सोपे असते हे माहीत नव्हते. पाचपैकी चार प्रश्न लिहिले, चौथा घाईत.
उद्या दुसरा. परवा तिसरा, अर्थशास्त्राचा, ज्यात पडलो होतो तो. त्याची भीती आहेच, नाही असे लिहिणार नाही.
हमीद दारात उभा आहे. "पुस्तक मिट. भूक लागलीय मला." मलाही लागली आहे.