फायरआबेंड आणि आमचा मोडा

बुध., ७ जाने.
पूजा उरकून जुन्या कॅलेंडरची पाने कापली, स्वातीला शब्दांच्या चिठ्ठ्या. कोरी बाजू वाया कशाला! मंचरच्या दवाखान्यातली ड्युटी करून आली की पोर जर्मन घोकते. १७ ला जर्मनीच्या दवाखान्याची मुलाखत, मोबाइलवर. नर्स पाहिजेत त्यांना. त्यात एक जर्मन शब्द घेऊन त्यावरून आपलं गाव सांगायचं. तिने घेतलाय फायरआबेंड. म्हणजे काम सुटायची वेळ. फोड केली तर फायर म्हणजे सण, आबेंड म्हणजे संध्याकाळ. “आई, रोजच्या सुटण्यात सण कुठून आला?” मला मॅट्रिकवालीला विचारते!

सोम., १२ जाने.
सापडलं तिला. पूर्वी तिकडे सणाच्या आदल्या संध्याकाळीच काम थांबवायचे. पुढे त्यातला सण गळाला, थांबणं राहिलं. मी म्हटलं, अगं, हा तर आपला मोडा! सोमवार महादेवाचा, रानात औत धरायचं नाही. मामंजी तर रविवारी दिवस मावळतानाच बैल सोडायचे. बैल गेले, पण आज ट्रॅक्टरही दारात उभाच.
हे म्हणाले, “बैलांचं काय सांगती तिकडं? हसत्याल लोकं.”
मी म्हटलं, “हसू द्या. सांगायचं म्हंजे सांगायचं.”

शनि., १७ जाने.
दाराआड उभी, तोंडात नामस्मरण. एक अक्षर कळेना. मग ‘डिंगोरे’, आपलं गाव. मग ‘मोडा’, दोनदा! पलीकडची बाई हसली, पण कौतुकानं. शेवटी एकदम माझं नाव. सुमन.
नंतर स्वाती म्हणाली, “तिनं विचारलं, मोड्याला घरात सगळेच थांबतात का? म्हटलं, आई सोडून. तिला अजून फायरआबेंड मिळाला नाही.”
आधी राग आला. घरातलं बाहेर कशाला. पण बोलली किती न अडखळता! आणि जर्मनीतल्या बाईच्या कानावर माझं नाव... देवापुढे साखर ठेवली.

रवि., २५ जाने.
निकाल नाही. निवड झाली तर जाईल. जाऊ दे. नाही झाली तर... लिहीत नाही.
दिवस मावळला. दिवा लावला अन् दारातल्या ओट्यावर येऊन बसले. भांडी तशीच. हे घाबरले, “बरं न्हाई का?”
“उद्या मोडा हाये. फायरआबेंड.”
“आन् भाकरी?”
 स्वातीही मोबाइल धरून शेजारी बसली. हे आत गेले. परात वाजली. वळून पाहिलं नाही.