शाळेत जानोसा नाही

९ जानेवारी १९९७

गटशिक्षण कार्यालयातून पुन्हा बोलावणं, पुन्हा नवं परिपत्रक. ग्रामशिक्षण समितीच्या (पुढे नुसतं 'समिती' लिहीन, हात दुखतो) सभासदांना त्यांची कर्तव्ये नीट समजावून सांगायची. महिला सभासदांनी स्वतः हजर राहायचं, नवऱ्याची सही चालणार नाही. सांगणार कोण? केंद्रप्रमुख. म्हणजे मी. मागचं परिपत्रक अजून निम्म्या गावांपर्यंत पोचलं नाही, तोवर हे.

रात्री ह्यांचा दीपनगरहून फोन. "तू शाळा बघतेस की गावं सुधारतेस?" आपटलाच मी फोन. मग वाईट वाटलं. मग पुन्हा राग आला.

१७ जाने.

केंद्रशाळेत सभासदांचं प्रशिक्षण. बोलावलं बायकांना, आल्या टोप्या. एकाने माझ्यादेखत 'सौ.' लिहून बायकोची सही ठोकली. वर म्हणतो, "तिला काय समजतं मॅडम? मी सांगेन घरी." ओठांवर आलेलं गिळलं. परत पाठवला त्याला, जेवणाआधी. जेवण करून जाऊ द्यायला हवं होतं का? नको. बरं केलं.

बायका मोजून सहा. त्यातल्या बोरदऱ्याच्या सुगंधाबाई एकट्या, चालत आलेल्या. बौद्धवाड्यातल्या, नवरा नाही, मजुरी करतात. पुढच्या बाकावर बसून माझ्याकडे असं बघत होत्या की जणू मी काहीतरी लपवतेय. मधेच उभ्या राहिल्या, "बाई, येक सांगा. शाळा कोन्ही शे? सरपंचनी, गुरुजीनी, का सरकारनी?"

मी तोवर रंगात आले होते. म्हटलं, "तुमची आहे. सगळ्या गावाची."

"बठ्ठासनी?"

"बठ्ठासनी," मी म्हटलं. माझी अहिराणी ऐकून सगळे हसले. चालायचंच, सासर इकडचं असलं तरी माहेर नगरचं.

४ फेब्रु.

बोरदऱ्याला अचानक भेट. जाऊन बघते तर पोरं लिंबाखाली, आणि वर्गात वऱ्हाड! दोन दिवसांपासून नवऱ्याकडच्यांना उतरायला जानोसा दिलाय. व्हरांड्यात चूल, भिंत काळी. नकाशा खाली अंथरून त्यावर एक म्हातारा झोपलेला, पाय थेट कोकणात. पोरांच्या पाण्याच्या टाकीत कोणीतरी तोंड धुतलेलं. मुख्याध्यापक सोनवणे गुरुजी हात चोळत उभे. "मी काय करू मॅडम, किल्ली नानांनी मागितली."

नाना म्हणजे सरपंच, समितीचे अध्यक्ष. गेले तशीच त्यांच्याकडे, तापलेली. नाना शांत. चहा मागवला. "तुम्हीनच सांगं ना मॅडम, शाळा गावनी शे. गावनं लगीन, गावनी शाळा."

माझंच वाक्य. प्रशिक्षणाची एवढीच फळं येणार असतील तर... चहा मात्र घेतला नाही. बसमध्ये डोकं इतकं दुखत होतं की घेतला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

११ फेब्रु.

आज समितीची खरी सभा! घरोघर वही फिरवून सह्या गोळा केलेली नाही, माणसं समोरासमोर बसलेली. मी मुद्दाम गेले. विषय काढला सुगंधाबाईंनीच. शाळेची इमारत कोणाच्याही लग्नकार्याला, जानोशाला द्यायची नाही. नाना म्हणाले, ठीक, पण सुट्टीचा दिवस सोडून. मला ते मान्य होतं, मी मान हलवलीही. सुगंधाबाई एकदम कडाडल्या, "सुट्टीना दिवस बी नई! सुट्टीमाच जास्त घान करतस, नि सोमवारे आमना पोरं झाडतस."

'आमना पोरं' म्हणजे कोणाची, ते तिथल्या सगळ्यांना कळलं. बाकीच्या दोघी बायकांनी हात वर केले. मग एकेक पुरुष. मी बसलेली असल्यामुळे असेल. शेवटी नानाही, हसत. ठराव पास.

आजचा दिवस चांगला. बसला पाऊण तास उशीर झाला तरी चिडले नाही.

२८ फेब्रु.

या पंधरवड्यात गावोगाव बोरदऱ्याचीच गोष्ट सांगत फिरतेय. गटशिक्षणाधिकारी साहेबांच्याही कानावर गेली. "बाई, तुमचं बोरदरे इतर केंद्रांना दाखवू या." आनंद झाला, खोटं कशाला लिहू. नव्याचे नऊ दिवस, हे मनात येत होतं, दाबलं.

१३ मार्च

बोरदऱ्यात नानांच्या पुतणीचं लग्न झालं, शाळा वऱ्हाडाला बंदच राहिली. ठराव सख्ख्या पुतणीलाही लागू! गुरुजींनी सांगितलं तेव्हा नानांबद्दल पहिल्यांदा चांगलं वाटलं. वऱ्हाड देवळाच्या सभामंडपात उतरलं, पंगती नानांच्या खळ्यात. कोणाचं काही अडलं नाही. म्हणजे जमतं. उगाच शाळा शाळा करत होते.

२६ मार्च

सुगंधाबाई घरी आल्या, चाळीसगावात बाजाराला आल्या होत्या. मुलीचं, संगीताचं जमलं. पोरगा दीपनगरला, वीजकेंद्रात ठेकेदाराकडे. मी म्हटलं, अहो, आमच्या ह्यांच्याच कॉलनीजवळ! खूप बोललो. पोरगा सुपारीसुद्धा खात नाही, हे तीनदा सांगितलं. लग्न वीस एप्रिल, रविवार. त्याला रजा तेवढीच मिळतेय, आणि त्यांच्यात मुहूर्ताची भानगड नाही. शंभरेक माणूस आदल्या संध्याकाळी येणार.

मी सहज विचारलं, "उतरवणार कुठे?"

"देखी ऱ्हायनू," म्हणाल्या. पिशवी उचलली आणि निघाल्याच. चहा अर्धा.

दार लावलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. किती उशिरा पडला. नानांच्या पुतणीला सभामंडप होता, खळं होतं. बौद्धवाड्यात काय आहे? पत्र्याचं विहार, वीस माणसं बसली की एकविसावा उन्हात. आजवर त्यांची सगळी लग्नं शाळेच्या अंगणातच झाली. ठराव सगळ्यांना सारखा, आणि अडकली ती एकच बाई, जिने तो मांडला.

भांडी दोनदा घासली.

३ एप्रिल

साहेबांना विचारलं. "ठराव समितीचा, बदलायचा तर समितीने बदलावा. रविवारी दिली शाळा तर कोण मरतंय?" बरोबरच आहे. माझंही आधी हेच म्हणणं होतं, सुट्टीचा दिवस सोडून. मग पटत का नाही?

नाना कचेरीच्या पायऱ्यांवर भेटले, रॉकेलच्या कोट्याच्या कामाला आलेले. स्वतःच विषय काढला. "मांगू द्या ना बाईले. आम्ही काय राक्षस शेतस? येक शब्द बोला, कुलूप उघडी देतस." डोळे हसत होते. एकदा तिने मागितली की पुढच्या मोसमात प्रत्येकजण मागणार, आणि ठराव गेला ढगात. नानांना भांडावंसुद्धा लागणार नाही. गोड बोलून काम तमाम.

७ एप्रिल

राहवेना. गेले बोरदऱ्याला, शाळेत न जाता थेट शेतात. कांदे काढत होत्या. ऊन असं की बोलताना जीभ कोरडी. तरी मी माझी टकळी चालवली. सभासदाला ठराव फेरविचारासाठी मांडता येतो, रविवार आहे, वार्षिक परीक्षेलाही अडथळा नाही, यात कमीपणा कसला. मला माहीत असलेली सगळी कलमं त्या बांधावर ओतली.

त्यांनी विळा खाली ठेवला. "मी बोलनू नि मीच मोडू? बाई, तुम्ही नोकरदार मानूस, उद्या तुमनी बदली व्हई. माले आठेच ऱ्हानं शे. रस्तामा लगीन लाई दिसू, पन शाळा मांगाव नई."

मी म्हटलं, पोरीचा विचार करा. हे बोलायला नको होतं. त्या पुन्हा कांद्याकडे वळल्या. शेजारच्या वाफ्यातली बाई माझ्याकडे बघत राहिली. मी बांधावरून अशी परत आले की चप्पल तुटल्याचं बसस्टँडवर कळलं.

राग येतोय. त्यांच्या हट्टाचाही, नानांचाही, माझा तर फारच.

१२ एप्रिल

सभा. विषय एकच, 'ऐनवेळचा', नानांनीच ठेवलेला: शाळा इमारतीबाबत फेरविचार. सगळे हजर. नानांनी पेढेच आणायचे बाकी ठेवले होते. "हां, सुगंधाबाई, बोला."

सुगंधाबाई उभ्या राहिल्या. ठराव आहे तसाच राहू द्या म्हणाल्या. मग पदर नीट केला. "सभामंडपनं काम पंचायतना पैसामा व्हयनं ना? मंग तो बी बठ्ठासना शे. मना पाव्हनासले येक रात तो द्या."

कोणी हात वर केला नाही, कोणी नाहीही म्हटलं नाही. बाकीच्या दोघी बायका जमिनीकडे बघत बसल्या. फेब्रुवारीत याच दोघींचे हात पहिले वर गेले होते.

नाना मग माझ्याकडे वळले, अगदी आदराने. "मॅडम, तुम्ही नियम सांगतस बठ्ठा गावले. सांगा बरं, हा विषय शिक्षण समितीना शे का?"

नाही. नाहीच आहे. कुठल्याही परिपत्रकात नाही. आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, सुगंधाबाईही.

"समितीच्या अधिकारात येत नाही," मी म्हटलं. "पण समिती ग्रामपंचायतीला विनंती..." पुढचं नाना ऐकतच नव्हते. गुरुजींना म्हणाले, लिखा, विषय कक्षेबाहेरचा.

सुगंधाबाई बसल्या नाहीत. "मंग आमनं लगीन कोन्ही कक्षामा येस, ते सांगा बाई."

चौदा वर्षं बोलण्याचा पगार घेतेय, आणि गप्प.

शेवटी एवढं केलं की विनंतीचं वाक्य गुरुजींना स्वतः सांगून लिहायला लावलं. खाली सह्या तिघींच्या. म्हणजे त्या दोघींनीही केल्या, खाली बघत का होईना. गुरुजींनी चौथी केली. पुरुष सभासद कोणीच नाही. नाना म्हणाले, पंचायतीत बघू. कधी बघणार ते नाही सांगितलं.

१४ एप्रिल

जयंती. चाळीसगावात मिरवणूक, गल्लीत निळे झेंडे. खिडकीत उभी राहिले, आत आले, पुन्हा उभी राहिले. बोरदऱ्याला जायला हवं होतं. कोणत्या तोंडाने, म्हणून गेले नाही.

१६ एप्रिल

पंचायतीची सभा कोरमअभावी तहकूब. नाना शिर्डीला गेलेत, सहकुटुंब. शनिवारी परत येणार की सोमवारी, गुरुजींना माहीत नाही. गावात काय बोलतात, विचारलं. गुरुजी म्हणाले, "कोणीच काही बोलत नाही मॅडम. हेच जास्त वाईट." देवळाचे पुजारी आबा तेवढे म्हणाले म्हणे, मंडपाला दारच नाही तर मी अडवणार कोणाला आणि कशाने. याचा अर्थ हो की नाही?

साहेबांचा निरोप: बोरदरे इतर केंद्रप्रमुखांना दाखवायचं तूर्त पुढे ढकला.

१९ एप्रिल

हे दुपारी आले. आल्या आल्या म्हणाले, सकाळी कॉलनीच्या फाटकावरून टेम्पो सुटताना पाहिले, वऱ्हाडाचे, नवरदेव पुढे बसवलेला, पोरं टपावर गात होती. मी पाण्याचा तांब्या हातात धरूनच उभी. "उतरणार कुठे?" ह्यांनी विचारलं. सगळं सांगितलं. बारा तारखेचंही, मी काय बोलले तेही. ऐकून घेतलं, पहिल्यांदाच मधे न बोलता. मग म्हणाले, "उद्या मी येऊ तुझ्याबरोबर?"

एव्हाना टेम्पो पोचले असतील. गावात फोन एकच, नानांच्या दुकानात, आणि तो उचलत नाही कोणी. गुरुजी परीक्षेचे पेपर आणायला पाचोऱ्याकडे गेलेत.

पत्रिका पुन्हा काढून बघितली. निळी शाई, वर बुद्धाचं चित्र. वधूच्या आईचं नाव ठळक. तारीख आहे, वेळ आहे. विवाहस्थळापुढे नुसतं 'बोरदरे'. छापखान्यात द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनाही माहीत नसणार.

मळखाऊ साडी काढून ठेवली होती, ती परत ठेवली. चांगली काढली. सकाळी सातच्या बसने निघतोय दोघं. फाट्यावर उतरून बँड कुठल्या बाजूने वाजतोय ते ऐकायचं, आणि तिकडे चालायला लागायचं.