करवंटीच्या कोळशाची जबाबदारी

मंगळवार, २१ एप्रिल २०२६

प्रारंभीच क्षमा मागते. उदबत्तीपलीकडचा धूर ज्या मुलीने कधी घेतला नाही, तिने हुक्क्याच्या कोळशावर लेखणी उचलावी हे धार्ष्ट्यच. परंतु जबाबदारी आली आहे. माजिवड्याच्या ऑफिसात आठ महिने मी एकटीने डबा खात आले. आज दीप्तीने मला ‘टिटवाळा चलो’ या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतले! शनिवारी टिटवाळ्याला तिच्या नव्या फ्लॅटवर ऑफिसातले सगळे जमणार. हुक्का साकेतचा, फ्लेवर ऋजुताचे, गाणी संदेशची. मी काय आणू, असे विचारल्यावर साकेत म्हणाला की अगं, तू कोळसा आण, त्यात डोकं लागत नाही. विनोदी आहे. डोके लागते म्हणूनच तर माझी निवड झाली.

बुधवार, २२ एप्रिल

चार तास वाचन. झटपट पेटणाऱ्या कोळशात रसायन असते. त्याचा वास धुरात उतरतो. सबब नैसर्गिक, नारळाच्या करवंटीचाच घ्यावा. ठोकळा टणक असावा, राख पांढरी पडावी. ग्रुपवर अकरा मुद्दे टाकले. ऋजुताने अंगठा दिला. एकच, पण ठाम.

गुरुवार, २३ एप्रिल

ठाण्यात खरेदी. ठोकळे कानाशी धरून वाजवून पाहत होते, तेव्हा दुकानदार म्हणाला, मॅडम, कलिंगड नाय ते. व्यवसायात असूनही अभ्यास नाही.

ठाकुर्लीला घरी येऊन गॅसवर चाचणी घेतली. बारा मिनिटांत ठोकळा लालबुंद. आईने विचारले, हे गं काय? धुपासाठी आणले, असे सांगितले. असत्य, पण संशोधनार्थ. आई इतकी हरखली की नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा घरासाठी काही आणलंस हो, म्हणत अर्धे ठोकळे तिने देवघरात नेऊन ठेवले.

शनिवार, २५ एप्रिल, दुपारी ४.०५

दीप्तीकडे गॅस नाही. इंडक्शन आहे. त्यावर कोळसा का तापत नाही, हे मी सर्वांना समजावले. चुंबकीय क्षेत्रापर्यंत आले तेव्हा साकेत म्हणाला, बाई, तास संपला. खालच्या पानवाल्याकडे झटपटवाला मिळतो, तोच आणू यार. मी निक्षून नकार दिला. म्हटले, मी खाली जाऊन पेटवून आणते. दीप्ती म्हणाली, जा जा, आरामात ये. किती समंजस.

४.५०

इस्त्रीवाल्या रामाकाकांच्या टपरीवर. त्यांच्या शेगडीत माझे ठोकळे ठेवले आहेत. काका म्हणाले, पोरी, माझा कोळसा लगेच फुलतो, हा तुझा रुसलाय काय? मी म्हटले, उत्तम गोष्टी उशिरा पेटतात. लिहून ठेवण्याजोगे वाक्य.

५.३५

काकांनी दोन निखारे स्वतःच्या इस्त्रीत घालून पाहिले. पाच शर्ट झाले तरी उष्णता तशीच. म्हणाले, लय दमाचा आहे गं, उरला तर दे. माझ्या निवडीवर शिक्कामोर्तब.

६.१०

वॉचमनने निखारे लिफ्टमध्ये नेऊ दिले नाहीत. काकांचे घमेले घेऊन सात मजले चढले. एकही ठिणगी उडाली नाही. वर हुक्का धुऊन पालथा घातलेला. पानवाल्याचा कोळसा मिनिटात पेटला म्हणे. ऋजुता म्हणाली, अय्या, तू होतीस? आम्हाला वाटलं तू घरी गेलीस. घमेले गॅलरीत ठेवले. राख अगदी पांढरीशुभ्र पडली. ती पाहायला मी होते, हे बरे झाले.

हुक्का मात्र ओढून पाहिला नाही. परीक्षकाने तटस्थ राहावे.

रविवार, २६ एप्रिल

ग्रुपवर कालचे सत्तावन्न फोटो आले. मी एकातही नाही. जबाबदार व्यक्ती कामात असते.

माझे म्हणणे काल नीट पोहोचले नसावे, म्हणून सकाळपासून बसून सविस्तर टिपण तयार केले: हुक्क्यासाठी नैसर्गिक कोळसा कसा निवडावा, मुद्दे सत्तावीस. मग एकेक मुद्दा ग्रुपवर टाकत गेले. एकोणिसाव्या मुद्द्यावर असताना साकेत ग्रुपमधून बाहेर पडला. चोविसाव्यापर्यंत ऋजुता आणि संदेश. शेवटी दीप्तीही. कार्यक्रम झाला की ग्रुप सोडायची पद्धत असावी.

आता सभासद मी एकटीच. दीर्घ मजकुराला शांतता पोषकच असते.

सत्ताविसावा मुद्दा पाठवला: रविवार, २६ एप्रिल २०२६, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटे.