आसूढाळ घोडी आणि दिल्लीचं हॉटेल

आबा, परवा पेपरात तुमच्या दिल्लीच्या हॉटेलाचा इतिहास छापून आला होता. माझ्या डोळ्यांना आता बारीक अक्षर झेपत नाही, म्हणून नातवाने वाचून दाखवला. कोणते लाटसाहेब तिथे जेवले, कोणत्या संस्थानिकाने आख्खा वरचा मजला घेतला, नाचाच्या दालनाला लाकूड कुठून आणलं, सगळं होतं. पांढऱ्या घोडीचा उल्लेख नव्हता, तुमचा तर कुठून असणार! तरी मी शेवटच्या ओळीपर्यंत कान टवकारून बसले होते. मूर्खपणाच, दुसरं काय. मग वाटलं, लिहिणाऱ्याला जे ठाऊक नाही ते आपण तरी एकदा मांडून बघावं. तुमचंच तुम्हाला सांगायचं म्हणजे गंमतच आहे, पण ऐकणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

घोडी आपल्याच दावणीला जन्मली. मी लहान होते, पण ती सकाळ माझ्यासमोर अजून आहे. तुम्ही उकिडवे बसून शिंगराचं तोंड कोरडं करताय, आई दारात धाकट्याला कडेवर घेऊन उभी आहे. तुमचा अंगठा शिंगराच्या डोळ्याखाली जातो आणि तिथेच थांबतो. आई विचारते, "काय व्हयनं?" तुम्ही म्हणता, "काहीच नही." डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. आपल्याकडे त्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर ज्याच्या दारात, त्या घरात रडणं, असा समज, आणि घोडी बाळगणारा माणूस ते शिंगरू ठेवत नाही. तुम्ही ठेवलंत. पांढरंशुभ्र, नाजूक, तुमचा जीव जडला. पुढच्याच साली तापाची साथ आली. निम्मं गाव ओस पडलं, त्यात आई गेली आणि तिच्यापाठोपाठ धाकटा. ज्यांच्या घरी घोडाच नव्हता, तीही माणसं गेली, पण ते तुम्ही कधी मोजलंच नाहीत.

घोडी वाढली, आणि काकांच्या आग्रहाने तुम्ही दोघं तिला सारंगखेड्याच्या जत्रेत विकायला घेऊन गेलात. मी बैलगाडीत मागे बसून आले होते. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने तिच्या डोळ्याखालून बोट फिरवलं आणि हात झटकला. "आसूढाळ शे. हाई ज्याना घर जाई तठे रडनं ऱ्हाई." काकांनी तुमच्याकडे पाहिलं. "तुले ठाव व्हतं?" तुम्ही मान खाली घातलीत. झालं. तिसऱ्या प्रहरापर्यंत सगळ्या जत्रेत बोभाटा झाला आणि आपल्या खुंट्याकडे कोणी फिरकेना. शेवटी दिल्लीच्या हॉटेलाचा एक पंजाबी मुनशी आला. राजधानी कलकत्त्याहून हलली होती, पाहुण्यांना स्टेशनावरून आणायला बग्गीला पांढरं जनावर हवं होतं. त्याने दात पाहिले, खूर पाहिले. भोवरा तुम्हीच दाखवलात, तो हसला. तेव्हा तुम्ही त्याला एकच विचारलंत, तिथे राहतं कोण? तो म्हणाला, राहत कोणीच नाही, दोन दिवस येतात आणि जातात. काकांना तुम्ही म्हणालात, "ते कोनंच घर नही शे. तठे रडनं कोनावर पडी?" दुसऱ्याच्या घरी तुम्ही ती घोडी कधीच दिली नसती. मला म्हणालात, "पोचाडीसन मयनाभरमा येसू, बेटा."

तो महिना काही संपला नाही. घोडीबरोबर तुम्हीही बग्गीवर नोकरीला लागलात. घोडी आपणच ठेवली, तेव्हा आपल्यालाही आता कोणाच्या घरात राहायचा हक्क नाही, असं तुम्ही मनाशी ठरवून टाकलं होतं. वर्षातून एकदा भुसावळला गाडी बदलून नंदुरबार स्टेशनापर्यंत यायचात, पण तापी ओलांडून गावात यायचं नाही, हा तुमचा नेम. काका मला घेऊन यायचे. मिरचीच्या पोत्यांशेजारी बाकावर आपण बसायचो. मला ठसका लागायचा, तुम्ही माझ्या हातची भाकरी खायचात आणि हॉटेल सांगायचात. आधी नुसता व्हरांड्यांचा लांबलचक बंगला, भिस्ती कावडीने खोल्यांत गरम पाणी नेतात. पुढच्या खेपेला वर मजला चढलेला, भिंतीतून नळ आलेले, पंखे ओढणारी माणसं घरी पाठवून विजेचे पंखे बसवलेले. मग नाचाचं दालन. मग मोटारी. बग्ग्या निघाल्या, घोडे विकले गेले, तबेल्यात मोटारी उभ्या राहायला लागल्या. आपली घोडी म्हातारी म्हणून राहिली. हिरवळीवर गवत कापायचं यंत्र ओढायची, आणि गवतावर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून तिच्या पायांत चामड्याचे बूट घालायचे. ते ऐकून मी पोट धरून हसले होते. तुम्हीही हसला होतात. तुमचं हसणं मला तेवढं एकच आठवतं. घोडी गेल्यावर तुम्हाला लाल फेटा बांधून मोटारींची दारं उघडायला उभं केलं.

माझ्या लग्नाला तुम्ही आला नाहीत, ते मी गिळलं. पण मुलगा झाल्यावर त्याला घेऊन मी त्याच बाकावर आले, तर तुम्ही उठून दूर उभे राहिलात, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. "घ्या ना," म्हटलं. "आठूनच दिखस ना," लांबूनच बघत म्हणालात. मला इतका राग आला आबा, की तुमच्यासाठी आणलेले लाडू मी हमालाला देऊन टाकले.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत तुम्ही यायचे थांबलात. तेव्हा ठरवलं, तुम्हाला धरून आणायचंच. तुमचे जावई मला दिल्लीला घेऊन आले. ते फाटकाबाहेर थांबले, मी मागच्या दाराने आत. हॉटेल एकदाच पाहिलं, तेही असं. हिरवळीवर तंबू, व्हरांड्यांत गोऱ्या अंमलदारांच्या खाटा, काही मडमा तर वर्षानुवर्षं त्याच खोल्यांत राहिलेल्या, खिडक्यांत मुलांचे कपडे वाळत घातलेले. तुम्ही मला जुन्या तबेल्यात नेलंत. भिंतीतलं घोडी बांधायचं कडं अजून तसंच होतं, त्याला कोणीतरी मोटार पुसायचं फडकं अडकवलं होतं. मी म्हटलं, घोडी जाऊन इतकी वर्षं झाली, आता चला. तुम्ही म्हणालात, "आठे बी रडनं उनंच ना. रोज कोनी ना कोनी तारवाला येस. दार मीच उघाडस." लढाईत पडलेल्यांच्या तारा त्या, आणि रडणं तिथेही आलं ते घोडीमुळेच, असा तुमचा हिशेब. सगळ्या जगाची लढाई तुम्ही एका घोडीच्या डोळ्याखाली आणून ठेवली होती! "नुसता केस शेतस त्या, आबा," मी ओरडले. गाड्या पुसणारी माणसं वळून बघायला लागली. तुम्ही विचारलंत, "तुले खरंच आसं वाटस का?" मी म्हटलं, "हाव." तुम्ही फेटा सारखा केलात आणि दारावर परत गेलात. येतो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत.

त्यानंतर तुम्ही दिसला नाहीत. लढाई संपली त्या हिवाळ्यात गेलात, तिथल्याच माळ्यांनी आणि ड्रायव्हरांनी तुम्हाला यमुनेवर नेलं. आम्हाला कळलं तोवर दिवसही उलटून गेले होते. कोणाचंच घर नसलेल्या जागेत तुमचं आयुष्य गेलं, आणि तुमच्यावर रडायला तिथे आपलं कोणी नव्हतं. एवढं मात्र तुमच्या मनासारखं झालं.

तुमचा माझ्याकडे पत्ता तो एकच, हॉटेलाचा, आणि तिथे तुम्ही नाही. म्हणून हा कागद पेपरच्या कात्रणाबरोबर ट्रंकेत राहील. फक्त एक सांगते. यंदा नातवाने जत्रेतून शिंगरू आणलं. तपकिरी आहे, पायाने चपळ. सगळे त्याची चाल बघत होते. मी काठी टेकत पुढे गेले, लाड करायच्या निमित्ताने त्याचं तोंड जवळ ओढलं आणि दोन्ही डोळ्यांखाली अंगठा फिरवून पाहिला. काही नव्हतं. मला हायसं वाटलं, आबा. दिल्लीत मी नुसते केस म्हटलं, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, तुले खरंच आसं वाटस का. नाही वाटत. तेव्हाही वाटत नव्हतं.