अस्थी घेऊन बुलढाण्याला

सोमवार, १० नोव्हेंबर, दुपार

प्रज्वलला ताप नाही. तीनदा कपाळाला हात लावून पाहिला. तिसऱ्यांदा चिडला — "पाहून काय राह्यली, ताई? लागलं असलं तरी ताप आजच येत नाही!"

मग सगळं सांगितलं. गोठ्यामागे, आत्या आंघोळीला गेली तेवढ्यात. माझ्या या धाकट्या भावाला मुली नाही, मुलगे आवडतात, हे मला दोन दिवाळ्यांपासून ठाऊक आहे. आजचं ते नव्हे. शनिवारी रात्री पुण्यात कुणाच्या फ्लॅटवर पाच-सहा जण होते. कसलीशी पावडर पाण्यात विरघळवून टोचून घेतली — दोघांत एकच सुई! ते घेतलं की कुणी कशाचा विचार करत नाही, म्हणाला. निरोध खिशातच राहिला. रविवारी पहाटे मोठेबाबा, बाबांचे थोरले, निपुत्रिक भाऊ, गेल्याचा फोन आला तेव्हा तो तिथेच होता. तसाच गाडीत बसला. तसाच येऊन अग्नी दिला.

एचआयव्ही लागू नये म्हणून गोळ्या असतात म्हणे. बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या. म्हणजे उद्या रात्रीपर्यंत.

सोमवार, संध्याकाळ

गोळ्या मिळतात बुलढाण्याला. आणि अग्नी देणाऱ्यानं दहाव्यापर्यंत जानेफळची शीव ओलांडायची नाही. त्याची दाढ दुखते असं आत्याला सांगून पाहिलं.

"लवंग दे. दाढेपायी कोणी सुतक मोडते काय वं?"

खोटं बोलले. शाळेच्या आधी मोठेबाबांनी मला घरी पाटीवर अक्षरं शिकवली — त्यांच्याच सुतकात खोटं! आणि तेही फुकट गेलं. खरं सांगायच्या भीतीपायी अख्खा दिवस घालवला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी राख सावडली. अस्थी पैनगंगेत सोडायला मात्र त्याला शीव ओलांडता येते! काल का सुचलं नाही? मीही जाते म्हटलं.

"पोरी कव्हापासून अस्थीले जाऊन राह्यल्या वं?" — कोकिळाआत्या.

आई भिंतीला टेकून होती. "जाऊ द्या तिले. भाऊजीनंच तिचं बोट धरून अक्षर गिरवलं."

आईला काही माहीत नाही. की आहे?

मोटरसायकलवर मी मागे, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाडगं. नदीपाशी त्यानं वेग कमी केला. "आधी दवाखाना!" मी ओरडले. मोठेबाबा, क्षमा करा.

अस्थी दवाखान्यात नेता येत नाहीत, जमिनीवर ठेवता येत नाहीत. बाहेर लिंबाच्या फांदीला बांधल्या. वाटलं, आतल्या डॉक्टरबाई आता रागावतील, नावं ठेवतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता झालं?" पहिली गोळी साडेतीनला. वेळेत! नंतर मी लिंबाखाली खूप रडले. परतताना, उजेड होता तोवर, अस्थी नदीत सोडल्या.

आत्यानं विचारलं, "एवढा उशीर?" गाडी पंक्चर झाली म्हटलं. दुसरं खोटं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काल एक गोष्ट लिहिली नाही. हात धजला नाही. रक्ताचा निकाल गोळीनंतर तासाभरातच आला होता. लागण आहे. शनिवारची तीन दिवसांत दिसत नाही — ही जुनी आहे. आता रोज गोळी, जन्मभर. घेत राहिला तर चांगला जगेल, असं बाई म्हणाल्या.

प्रज्वल म्हणाला, "दोन वर्षं झाली, चाचणीले भेऊन राह्यलो होतो, ताई. ते भेव जावं म्हणूनच तर टोचून घेत होतो."